मांजर तोंडाने श्वास घेते तेव्हा

कुत्र्याने धापा टाकणे नेहमीचेच. धावून आला किंवा ऊन लागले की जीभ बाहेर काढून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. मांजराचे तसे नसते. मांजर मान पुढे ताणून, कोपरे अंगापासून दूर ठेवून बसले आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर सकाळपर्यंत थांबण्याइतका वेळ हाती नसतो.

त्याआधीची खूण घरीच सापडते. शांत झोपलेल्या कुत्र्याची किंवा मांजराची छाती मिनिटभर पाहावी. वर-खाली मिळून एक श्वास. आकडा साधारण ३०च्या आत असावा. तो वारंवार त्यापुढे जाऊ लागला तर पशुवैद्यकाला दाखवावे.

दवाखान्यात पोचल्यावर मालक म्हणतो, 'आधी एक्स-रे काढा.' त्याची घाई समजण्यासारखी आहे, पण धोका इथेच असतो. दम्याचा माणूससुद्धा आडवा व्हायला तयार नसतो. धाप लागलेल्या मांजराला टेबलावर दाबून धरले, तर त्या झटापटीतच ते दगावू शकते. म्हणून जाणता पशुवैद्यक आधी प्राणवायू लावतो, लागल्यास सौम्य गुंगीचे औषध देतो आणि मग लांबूनच बघत, ऐकत राहतो. श्वास आत घेताना घरघर असेल तर अडथळा बहुधा वरच्या मार्गात. चपट्या नाकाच्या पगची उन्हाळ्यातली तऱ्हा हीच. छातीतले आवाज मंद असतील तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा साचल्याची शंका येते. बसल्या जागी सोनोग्राफी केली की पाणी दिसते. सुईने ते काढताच बहुतेकदा श्वास हलका होतो. हृदय थकून फुप्फुसातच पाणी झाले असेल तर फ्युरोसेमाइड, दम्यात श्वासनळ्या सैल करणारे औषध आणि स्टेरॉइड. माणसांच्या वॉर्डातलीच ही औषधे, मात्रा वेगळी.

पण घरातली एक गोळी मांजराला कधीही देऊ नये: पॅरासिटामॉल. तिचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि धाप लागते. एक गोळीही जीव घेऊ शकते. यावर अॅसिटिलसिस्टीन हे औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावे लागते. गोळी दिली असेल, तर ओशाळून गप्प न बसता डॉक्टरांना दारातच सांगावे.

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करावा. मांजराला हवेशीर पिंजऱ्यात ठेवावे, तोंडात पाणी ओतू नये.