दुवा, क्लिक आणि वाचन
डिजिटल ग्रंथालय समजून घेताना : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण प्रॉक्सी सर्व्हर पाहिला. विद्यार्थिनीने घरून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा दुवा उघडला की हा सर्व्हर तिची ओळख तपासतो आणि ग्रंथालयाच्या आयपी पत्त्यावरून तिला प्रकाशकाकडे पोचवतो. ख्रिस झॅगर यांनी १९९९मध्ये आणलेली ‘ईझीप्रॉक्सी’ हेच काम करते. आजचा प्रश्न पुढचा आहे : कोणत्या दुव्यावरून किती वाचक लेखापर्यंत पोचले, हे मोजायचे कसे?

प्रॉक्सीच्या लॉगमधल्या ओळी मोजल्या की झाले, असे वाटते. पण एक लेख उघडताना मजकूर, चित्रे, मांडणीच्या फायली अशा अनेक मागण्या जातात आणि प्रत्येकीची स्वतंत्र ओळ पडते. एक वाचक पंचवीस जणांसारखा दिसू शकतो. म्हणून ईझीप्रॉक्सीत फक्त सुरुवातीच्या दुव्याची वेगळी नोंद ठेवण्याची सोय आहे.

तोच दुवा तालिकेत, विषयवार यादीत आणि मुखपृष्ठावर असेल, तर प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळी खूण जोडावी. क्लिक आधी ग्रंथालयाच्याच एका छोट्या पानावर येते. ते पान खूण नोंदवते आणि वाचकाला लगेच पुढे धाडते. वाचक कुठून निघाला, हे असे कळते.

तो कुठे पोचला, हे मात्र प्रकाशकच सांगू शकतो. त्यासाठी ‘काउंटर’ या संस्थेची आचारसंहिता आहे. तिची पहिली आवृत्ती २००३मध्ये आली, तर पाचवी २०१९पासून लागू झाली. नुसता सारांश पाहणे आणि पूर्ण लेख उघडणे यांची मोजणी ती वेगळी ठेवते. त्याच लेखावर ३० सेकंदांत दोनदा क्लिक झाले, तर ते एकदाच धरते. परवाना नसल्यामुळे परत फिरावे लागलेल्यांचाही वेगळा अहवाल मिळतो.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. समजा, एका दुव्यावर महिन्यात ४०० क्लिक झाले आणि पूर्ण लेख उघडले गेले फक्त ९०. म्हणजे बरेच वाचक वाटेत अडले. दुवा त्यांना लेखाऐवजी प्रकाशकाच्या मुखपृष्ठावर सोडतो का, हे आधी तपासावे. दुसऱ्या दुव्यावर ६० क्लिक, पण लेख उघडले गेले ९००. इथे बहुतेक वाचक गूगल स्कॉलरसारख्या दुसऱ्या वाटेने आले असण्याचा संभव मोठा. केवळ क्लिक पाहून ही वर्गणी बंद केली, तर नियमित वाचणाऱ्यांचेच नुकसान होईल.

या मोजणीत एक पथ्य कसोशीने पाळायला हवे. कोण काय वाचते, ही वाचकाची खासगी बाब आहे. खूण दुव्याला असावी, माणसाला नको. लॉगमधली नावे आणि पत्ते काम संपताच पुसून टाकावेत. आपल्या वाचनावर कुणाची नजर नाही, या भरवशावरच माणूस ग्रंथालयात मोकळेपणाने काहीही मागतो.

पुढील आठवड्यात : वाचकाला मुखपृष्ठावर न सोडता थेट लेखावर नेणारा ‘ओपनयूआरएल’.