सुपरमॅन घरी आला

एरवी या पानावर बीजप्रक्रिया, माती परीक्षण आणि करप्याबद्दल लिहिणारा माणूस आज सिनेमाकडे कसा वळला, असे वाचक मंडळींना वाटेल. पण कारण शेतातलेच आहे. गेल्या दिवाळीत गावच्या घरी आम्ही सारे जमलो होतो. मुलाने टीव्हीवर १९७८ सालचा ‘सुपरमॅन’ लावला. मी तो पूर्वी कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात पाहिला होता. भाड्याचा व्हीसीआर, वर्गणी काढून आणलेली कॅसेट आणि एका खोलीत तीस-चाळीस पोरे! त्या वेळी ध्यानात राहिले ते फक्त त्याचे उडणे. या खेपेला आईने मध्येच एक प्रश्न विचारला आणि मला सगळा चित्रपटच निराळा दिसू लागला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. क्रिप्टॉन नावाचा दूरचा ग्रह फुटणार असतो. तिथला शहाणा माणूस जोर-एल आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून पृथ्वीकडे पाठवतो. ते यान अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, स्मॉलव्हिल गावाजवळ पडते आणि केंट नावाचे निपुत्रिक शेतकरी जोडपे पोराला घरी आणते. त्याचे नाव क्लार्क ठेवतात. पोराच्या अंगात अचाट बळ. मोठा झाल्यावर तो शहरात वर्तमानपत्रात नोकरी धरतो आणि संकट आले की निळा वेष नि लाल झूल चढवून उडतो. जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली चित्रकथेतून ही गोष्ट प्रथम लोकांपुढे आणली. चित्रपट केला तो रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाने.

आता शेतावरच्या भागाकडे येतो. वेळेच्या हिशेबाने हा भाग लहान आहे, पण ज्यांना हा चित्रपट आवडतो त्यांतले पुष्कळ जण आधी त्याचेच नाव घेतात. पडद्यावर कॅन्सस म्हणून जे दिसते ते खरे तर कॅनडातील अल्बर्टा प्रांत. कॅन्ससमध्ये गहू शरद ऋतूत पेरतात, बर्फाखाली तो हिवाळा काढतो आणि जून-जुलैत कापतात. अल्बर्टात बहुतेक गहू वसंतात पेरून उन्हाळ्याच्या अखेरीस काढतात. पण हे माझ्यासारख्याने मोजायचे. पाहणाऱ्याला दिसते ते क्षितिजापर्यंत पसरलेले सपाट रान, लाकडी घर आणि भले मोठे कोठार.

तिथे एके दिवशी बाप मुलाला समजावतो, की तुला हे बळ मिळाले आहे ते खेळात गुण मिळवण्यासाठी नव्हे, त्यामागे काही कारण असले पाहिजे. मग दोघे गमतीने घराकडे धावत निघतात आणि बापाच्या हाताला कळ येते. हृदयविकाराचा झटका. क्षणात सगळे संपते. दफन झाल्यावर पोरगा आईला म्हणतो की एवढे बळ असून मला त्यांना वाचवता आले नाही. ग्लेन फोर्ड या जुन्या नटाने हा बाप इतका साधा उभा केला आहे की आमच्या घरात त्या वेळी कोणी बोलले नाही.

पुढे पोरगा घर सोडतो. पहाटे आई खिडकीतून पाहते तर तो उभ्या पिकात उभा. ती जवळ जाते. हा दिवस येणार हे तिला ठाऊकच होते. नातू शेजारी बसून आजीला मराठीत सांगत होता. तेवढ्यात आई म्हणाली, “पोरगं निघालं. आता त्या बाईचं शेत कोण बघणार?”

नातू म्हणाला, “आजी, तेच सांगतोय तो. बेन हबर्डशी बोललोय, यापुढे तो मदत करील, असं म्हणतोय.”

“म्हणजे वाट्यानं दिलं म्हण की,” आई म्हणाली.

सगळे हसले. मी जरा कमी हसलो. वडील गेल्यापासून आमचीही जमीन वाट्यानेच आहे. तेव्हा बोलणे मीच करून ठेवले होते.

असो. बाकी चित्रपटाविषयी जुन्या प्रेक्षकांची मते बहुतेक जुळतात. क्रिस्टोफर रीव्ह हा तोवर फारसा कुणाला ठाऊक नसलेला नट, पण त्याच्याइतका सुपरमॅन कोणाला जमला नाही, असे आजही म्हणतात. एका प्रसंगी तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो आणि क्षणभर क्लार्कचा सुपरमॅन होतो. लगेच धीर खचून पुन्हा खांदे पाडतो. यात कुठलीही युक्ती नाही, नुसते अंग. जॉन विल्यम्सच्या संगीताबद्दलही दुमत नाही. तक्रारी आहेत त्या दोन. खलनायक आणि त्याचा साथीदार यांचा पोरकटपणा जास्त झाला, ही एक. दुसरी शेवटाबद्दल. आवडती लोइस भूकंपात मरते, तेव्हा सुपरमॅन पृथ्वीभोवती उलटा फिरून काळच मागे नेतो. काळ मागे नेता आला असता तर पेरणी चुकल्याची हळहळ कोणाला राहिली असती? मला वाटते, यामुळे कोठारापाशी झालेला बापाचा मृत्यू हलका होतो. आमच्या सौ. मात्र म्हणतात, “एकदा हातून गेलेलं माणूस दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही म्हणूनच तो तसं करतो.” यावर आमचे अजून एकमत नाही.

चित्रपट घरी पोहोचण्याची कथा मूळ गोष्टीइतकीच रंजक आहे. डॉनर पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे चित्रीकरण एकदमच करत होता. निर्मात्यांशी त्याचे बिनसले. पहिला भाग गाजला, तरी दुसरा पुरा करायला त्याला बोलावलेच नाही. ते काम रिचर्ड लेस्टरकडे गेले आणि १९८० साली दुसरा भाग आला. पेरणी एकाची, काढणी दुसऱ्याची. जोर-एलचे काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोशी पैशावरून वाद झाला होता, म्हणून त्याचे प्रसंग वगळून तिथे आईला उभे केले.

चित्रगृहात पहिला भाग दोन तास तेवीस मिनिटांचा होता. १९८२ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तो दोन रात्रींत वाढवून दाखवला, तेव्हा कधी न पाहिलेले प्रसंग लोकांना दिसले. म्हणजे अजून कुठेतरी काही शिल्लक आहे, हे कळले आणि मागणी सुरू झाली. २००१ साली आलेल्या तबकडीत आठ मिनिटे वाढली, पण जुने आवाज बदलले म्हणून लोक नाराज झाले. तीन तास आठ मिनिटांची लांब आवृत्ती पुढे २०१७ साली तबकडीवर आली. आणि नोव्हेंबर २००६ मध्ये, तब्बल २६ वर्षांनी, डॉनरचा दुसरा भाग निघाला. चित्रपटगृहांसाठी नव्हे, घरात पाहण्यासाठी.

तो पाहणाऱ्यांची मते दुभंगली. काही प्रसंग कधी पुरे चित्रित झालेलेच नव्हते. एका जागी तर नटांच्या निवड-चाचणीची फीत जोडली आहे, तिथे रीव्हचे केस नि अंगकाठी निराळी दिसते. शेवटी पुन्हा काळ मागे फिरतो. पहिल्या भागाचा शेवट मुळात दुसऱ्यासाठीच योजला होता, म्हणून ही पुनरावृत्ती. लेस्टरचा भाग जास्त नीटनेटका, असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे चूक नाही.

पण एक प्रसंग असा आहे की त्यासाठी बाकी सारे मी माफ करतो. प्रेमापायी बळ गमावून बसलेला मुलगा हरून परत येतो, बापाला हाक मारतो. बाप म्हणजे त्याची मागे राहिलेली छाया. ती आपली उरलीसुरली शक्ती मुलाला देते आणि कायमची विझते. १९८० च्या चित्रपटात हे नव्हतेच. ब्रँडो आणि रीव्ह दोघेही २००४ साली वारले. जोडलेला तो प्रसंग दोघांनाही पाहता आला नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही तोही पाहिला. आईला मारामारीत गोडी नव्हती. तिच्या डोक्यात पहिलाच भाग घोळत होता. त्यात शहरात नोकरीला लागलेला क्लार्क संपादकाला सांगतो की माझा अर्धा पगार दर आठवड्याला या पत्त्यावर पाठवा. तो पत्ता आईचा. हे नातवाने तिला सांगितलेले तिच्या लक्षात होते.

“पैसे धाडतो ते बरंच आहे,” ती म्हणाली. “पण येतो कधी?”

नातवाने माझ्याकडे पाहिले. पोरगा एकदा निघाल्यावर पहिला चित्रपट संपेपर्यंत ते शेत पुन्हा दिसत नाही. मी तिला तसे सांगितले. मग मुलाने टीव्ही बंद केला आणि आम्ही अंथरुणे घातली.