पलंगाखालून दारापर्यंत

भुरी आमच्या घरी आली तेव्हा साधारण वर्षाची होती. एका अर्धवट बांधकामावर सळईला बांधून ठेवलेली सापडली होती. उंबरठा ओलांडला आणि ती थेट पलंगाखाली शिरली. पुढचे अकरा दिवस उजेडात बाहेर आलीच नाही. रात्री निजानीज झाली की पाणी प्यायची आणि परत आत जायची. सकाळी वाटीतलं पाणी कमी झालेलं दिसायचं, तेवढीच तिच्या असण्याची खूण.

‘अंग चोरणं’, ‘शेपूट घालणं’ हे शब्द मी आजवर माणसांसाठीच वापरत आले होते. पलंगाखाली वाकून पाहिलं तेव्हा ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. चारही पंजे पोटाखाली, कान मानेला चिकटलेले, शेपूट आत ओढून घेतलेलं आणि डोळ्यांच्या कडेला पांढऱ्याची बारीक कोर. त्यात रोज सकाळी सात वाजता खाली अंगणात खराटा फिरायला लागायचा. खस्स, खस्स. त्या आवाजानं ती नखशिखान्त थरथरायची. खराट्यानं तिचं काय केलं होतं ते तीच जाणे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते फुंकणं थांबतं कसं? मी तिथून वाचायला लागले आणि एका पुरापाशी येऊन पोचले.

इवान पावलोव्हचे कुत्रे आणि त्यांची लाळ ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच कुत्र्यांवर आलेल्या संकटाची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेवा नदीचं पाणी लेनिनग्राड शहरात घुसलं. पिंजऱ्यांत पाणी चढत गेलं. कुत्रे वरच्या जाळीशी नाक टेकवून, उरलेल्या हवेवर तग धरून पोहत राहिले. पिंजऱ्यांची दारं खाली बुडालेली, त्यामुळे सोडवायला आलेल्या माणसांना त्यांची डोकी पाण्याखाली दाबूनच त्यांना बाहेर काढावं लागलं. जीव वाचले. पण त्यानंतर काही कुत्र्यांना आधी शिकवलेलं काहीच येईना. पुन्हा धीरानं शिकवलं, पुन्हा जमायला लागलं. मग एके दिवशी दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडण्यात आली. तेवढ्यानं पुन्हा सगळं कोसळलं.

भीती गेलीच नव्हती, नुसती झाकली गेली होती. आज मेंदूचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. धोक्याची आठवण मेंदूत खोल, अमिग्डला नावाच्या बदामाच्या आकाराच्या भागात रुजते आणि सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी एक आठवण तयार होते, ‘या वेळी काही झालं नाही’ अशी. ती पुरेशी बळकट झाली की कपाळामागचा भाग जुन्या आठवणीला आवर घालू लागतो. हे वाचल्यावर माझं कामच बदललं. भुरीच्या डोक्यातून खराटा काढून टाकणं माझ्या हातात नव्हतं. त्याच्या शेजारी ठेवायला चांगले दिवस गोळा करणं मात्र होतं.

ते कसे गोळा करायचे, याचं उत्तरही १९२४ सालातच सापडलं. त्या वर्षी मेरी कव्हर जोन्स या तरुण अमेरिकन संशोधिकेनं पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळता खेळता तो सुधारत चालला होता, तेवढ्यात तापानं आजारी पडून दवाखान्यात गेला. बरा होऊन परत निघाला तर वाटेत एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि कमावलेलं सगळं गेलं. मग जोन्सबाईंनी त्याला उंच खुर्चीत बसवलं, आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला. किती दूर? पीटरचं खाणं थांबणार नाही इतका. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, मग आणखी थोडा. शेवटी सशानं बोटं कुरतडली तरी पीटर शांत बसून राहिला.

कुत्र्यांना धीर देण्याच्या आजच्या बहुतेक पद्धतींचं मूळ या खुर्चीत आहे. आणि त्यातली किमया अंतरात आहे. भीती दाटून आली की शरीर रक्त पायांकडे पाठवतं, पळायची तयारी करतं, तोंड कोरडं पडतं, पोटाचं काम थांबतं. म्हणून घाबरलेला कुत्रा उकडलेल्या कोंबडीकडेही ढुंकून पाहत नाही. तो हट्टी नसतो. त्याला त्या क्षणी गिळताच येत नाही. उलट, त्यानं तुकडा खाल्ला तर समजायचं, हे अंतर त्याला झेपतंय.

आमच्याकडे खराटा गॅलरीत आणि भुरी पलंगाखाली, असं चौदा फुटांवरून सुरू झालं. आधी खराटा दिसायचा, लगेच कोंबडीचा तुकडा यायचा. खराटा दिसेनासा झाला की तुकडेही बंद. हा क्रम चुकवायचा नसतो. कोंबडी आधी आणि खराटा नंतर आला, तर कोंबडीच पुढच्या संकटाची वर्दी होऊन बसते. तिसऱ्या आठवड्यात मी घाई केली. चांगलं चाललंय म्हणून खराटा एकदम चार फूट पुढे आणला. त्यानंतर तीन दिवस तिनं माझ्या हातचं काही घेतलं नाही. आम्ही पुन्हा चौदा फुटांवर.

शेजारच्या काकूंनी काळजीनं सांगितलं, ‘अगं, इतके लाड नको करूस, आणखी भित्री होईल.’ हा समज फार पसरलेला आहे आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. बक्षीस मिळालं की कुत्रा बसायला शिकतो, कारण बसणं ही कृती आहे. भीती ही कृती नाही, ती मनाची अवस्था आहे. थरथरणाऱ्या जिवाजवळ कुणी शांत बसून राहिलं म्हणून त्याचं थरथरणं वाढत नाही. वाढतं ते ओरडण्यानं, आणि ‘एकदा समोर आणून उभं करा, आपोआप सवय होईल’ या उपायानं. पुष्कळदा तसा कुत्रा निपचित पडतो आणि आपण म्हणतो, शांत झाला.

त्या निपचितपणात काय दडलेलं असतं, हे कळायला विज्ञानाला पन्नास वर्षं लागली. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. वाचताना जीव तुटतो, पण सांगायलाच हवं. काही कुत्र्यांना डोक्यानं फळी दाबून धक्का थांबवता येत होता. दुसऱ्यांना तेवढेच धक्के बसत होते, पण थांबवणं त्यांच्या हाती नव्हतं. पुढे दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिले उडी मारून गेले. दुसऱ्यांतले बहुतेक जागीच कण्हत पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि पाठ्यपुस्तकांत ते वर्षानुवर्षं राहिलं.

२०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. मायर यांनी मधल्या काळात उंदरांच्या मेंदूवर काम केलं होतं. त्यातून दिसलं की सतत आघात होत राहिले की हातपाय गाळून बसणं हीच मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काही बदलतं’ हे. ते एकदा उमगलं की कपाळामागचा भाग मेंदूच्या बुंध्यातल्या त्या हतबलतेला आवर घालतो, पुढच्या वेळीही. या वाक्यांपाशी मी कितीतरी वेळ थांबले. भुरीला कुणी भित्रेपणा शिकवला नव्हता. तिला दुसरं काही शिकायची संधीच मिळाली नव्हती.

तेव्हापासून मी घरातले बारीकसारीक निर्णय तिच्याकडे सोपवायला लागले. दार उघडं ठेवायचं, आत येण्यासाठी आणि निघून जाण्यासाठीही. समोरून वाकायचं नाही, तिच्याकडे कूस करून बसायचं, रोखून पाहायचं नाही. तिनं हात हुंगला तर छातीपाशी तीन सेकंद खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. तिला आणखी हवं असेल तर ती सांगेल. एकविसाव्या दिवशी तिनं सांगितलं: नाकानं माझं मनगट वर ढकललं. आपल्या ढकलण्यानं माणसाचा हात हलतो, हा शोध तिच्या चेहऱ्यावर अक्षरशः उमटला होता.

कुत्री बोलत असतात, हे तेव्हा कळू लागलं. झोप नसताना दिलेली जांभई, उगाच ओठ चाटणं, एक पंजा अधांतरी धरणं, या सगळ्याचा अर्थ ‘जरा थांब’ असाच. शेपटीचं तर केवढं मोठं आश्चर्य! २००७ मध्ये इटलीच्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकून हलते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या अंगाला. मेंदूचे दोन अर्धगोल दोन वेगळी कामं करतात, त्याची ही सावली. २०१३ मध्ये पुढचं कळलं: डावीकडे झुकलेली शेपूट पडद्यावर पाहूनसुद्धा दुसऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. आपल्या पायाशी हे सगळं चाललेलं असतं आणि आपण म्हणतो, शेपूट हलवतोय, म्हणजे खूश आहे.

आपल्या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलचं एक काम मला फार जवळचं वाटतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांना २०१७ मध्ये आढळलं की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटतो तेव्हा या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्यानं अधिक जुळतो. पोटापाण्यासाठी दिवसभर वणवण करणारा जीव, आणि त्याला पोळीपेक्षा हात मोलाचा.

प्रेमानं सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत मेंदूची एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे भेटतं ते ‘आपलं’ होतं. १९६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उंच कुंपणाआड वाढलेली आणि चौदा आठवडे माणूस जवळ न आलेली पिल्लं पुढे रानटी जनावरांसारखीच वागली. कुणाची ती खिडकी अशी बंद झालेली असते, कुणाच्या रक्तातच सावधपणा असतो, कुणाला अंगात दुखत असतं आणि आपल्याला ते दिसत नाही. अशा कुत्र्याला पशुवैद्याची गोळी लागली तर ती द्यावी, त्यात कमीपणा नाही. काही कुत्री आयुष्यभर पाहुणे आले की आतल्या खोलीत जातील. तेही चांगलं आयुष्य असू शकतं, ती खोली त्यांची असली तर.

भुरीला आमच्याकडे येऊन आता आठ महिने झाले. दिवाळीच्या फटाक्यांत ती पुन्हा चार दिवस पलंगाखाली होती. मी कोंबडीची वाटी घेऊन फरशीवर आडवी पडून राहिले. लेनिनग्राडच्या दाराखालची ती धार मला आठवत होती, म्हणून निराश झाले नाही. पुन्हा मागच्या अंतरावरून सुरुवात केली. या वेळी मात्र आठवडाभरच लागला.

परवा सकाळी सात वाजता खाली खराटा सुरू झाला. भुरी खोलीच्या मध्यावर थबकली. कान मागे गेले, एक जांभई आली. एका बाजूला पलंगाखालची जागा मोकळी होती, दुसऱ्या बाजूला गॅलरीचं दार उघडं. मी हातातला चहा हातातच धरून ठेवला. ती गॅलरीत गेली, गजांतून नाक बाहेर काढलं आणि झाडून होईपर्यंत खाली बघत उभी राहिली.