घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

जुनी वस्तू विकायला काढली की खरं गिऱ्हाईक आधी तिला नावं ठेवतं. सोफ्याचं कापड विटलंय, फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय, मशीन आवाज करत असणार, हे ते वस्तू बघायच्या आधीच सांगून मोकळं होतं. दारात भांडी मांडून बसलेली बोहारीण आठवून पाहा. एका स्टीलच्या पातेल्यासाठी चार साड्या आणि वर एखादी पँट काढल्याशिवाय ती टोपली उचलत नसे. पदर उलगडून, उजेडात धरून, 'ताई, जर काळी पडलीय की हो' असं म्हणत ती अर्धा तास खायची. कटकट होती, पण व्यवहार खरा होता. वस्तू तिला हवी होती, म्हणून तिला तिच्यातली खोट दिसत होती.

हल्ली नवरात्राच्या आधीच्या आवराआवरीत माळ्यावरून उतरलेल्या वस्तूंचे फोटो ओएलएक्स, क्विकर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर चढतात. दिवाळीच्या तोंडावर जागा मोकळी व्हावी आणि चार पैसे हाती यावेत, एवढीच अपेक्षा असते. जाहिरात टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोच फोन वाजतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, वस्तूबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही आणि सांगाल त्या किमतीला हो म्हणतो. सावध व्हायची जागा हीच आहे. क्यूआर कोड वगैरे पुढच्या गोष्टी.

कारण खऱ्या गिऱ्हाइकाला सोफा घरी न्यायचा असतो. तो किती फुटी आहे, लिफ्टमध्ये मावेल का, पाय निघतात का, बिल आहे का, टेम्पो सोसायटीच्या आत येऊ देतात का, असले प्रश्न त्याच्याकडे असतात. खोट्या गिऱ्हाइकाला सोफ्याशी देणंघेणं नसतं. त्याला तुमचा मोबाइल नंबर मिळालेला असतो आणि तुमच्याकडे यूपीआय आहे एवढं त्याला पुरतं.

त्याचं बोलणं बहुधा हिंदीतून आणि ठरलेल्या साच्यातलं असतं. 'सर, आपका सोफा देखा, पसंद आया। अव्हेलेबल है ना?' आपण 'हां, है' म्हणतो आणि पंधरा हजार सांगतो. 'ठीक है सर, पंद्रह फायनल।' मग ओळख येते: 'मैं फौज में हूं, अभी ट्रान्सफर हुआ है। ड्यूटी पर हूं, सामान लेने हमारा आदमी गाडी लेकर आयेगा। पेमेंट मैं अभी कर देता हूं।' पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो, लष्कराचं ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, आधार कार्ड. आपण काही मागितलेलं नसताना. शेवटी मुख्य ओळ येते: 'सर, आर्मी का पेमेंट सिस्टम थोडा अलग होता है। पहले आप पांच रुपये डालिये, आपको दस वापस आयेंगे।' आपण पाच पाठवतो आणि खरोखरच दहा येतात!

हा साचा रचणारा माणूस चांगल्या कामाला लागला असता तर मोठा विक्रेता झाला असता, असं मला नेहमी वाटतं. फौजी निवडण्यात किती सोय आहे पाहा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, इतकी महाराष्ट्रात सैन्याबद्दल आपुलकी आहे. जवानावर शंका घ्यायला जीभ रेटत नाही. शिवाय तो स्वतः का येऊ शकत नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं. आणि पैसे देण्याची पद्धत चमत्कारिक वाटली तरी 'लष्कराचे नियम असतील' असं आपणच आपल्याला समजावतो. मोठी गोम ओळखपत्रात आहे. ते कधीकधी खऱ्या जवानाचंही असतं, आधीच्या कुठल्या तरी व्यवहारात त्याच्याकडून मागून घेतलेलं. कार्ड खरं असलं म्हणून ते पाठवणारा खरा ठरत नाही. देवळालीला किंवा कामठीला बदलून आलेल्या खऱ्या जवानाला सोफा हवा असेल तर तो सुटीच्या दिवशी एखादा मित्र घेऊन येतो, बसून बघतो आणि तेरा हजारांना मागतो.

हाच फौजी पुण्या-ठाण्यात भाड्याने घरही शोधत असतो. तिथे सावज घरमालक. फ्लॅट न बघता भाडं कबूल, डिपॉझिट आजच पाठवायची तयारी आणि पुन्हा तेच 'पहले आप भेजिये'. डिपॉझिटचा आकडा लाखाच्या घरात असल्यामुळे तिथलं नुकसानही त्याच मापाचं होतं.

पाचचे दहा झाल्यावर पुढचा डाव येतो. 'आता पूर्ण रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा.' कोडच्या चित्रावर वर मोठ्या अक्षरांत पंधरा हजार मिळतील असं काहीतरी लिहिलेलं असतं. क्यूआर कोडच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांत असतं काय? ज्याला पैसे जायचे त्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि हवी तर आधीच भरून ठेवलेली रक्कम. म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेला कोड असतो, तोच हा. तो स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. चित्रावर वर काय लिहिलंय याच्याशी कोडला कर्तव्य नसतं.

स्कॅन केल्यावर पडद्यावर काय येतं, ते एकदा शांतपणे वाचण्यासारखं आहे. वर एक नाव, खाली रक्कम, त्याखाली पैसे देण्याचं बटण. ते दाबलं की पिन मागणारं पान उघडतं आणि त्यावर तुमच्या बँकेचं नाव, रक्कम आणि तुमच्या खात्यातून अमुक व्यक्तीला पैसे जात आहेत अशी सूचना असते. सगळं समोर असतं. पण त्या क्षणी कानाला फोन लावलेला असतो आणि पलीकडून 'सर, जल्दी कीजिये, सेशन एक्स्पायर हो जायेगा' चालू असतं. वाचायला उसंत मिळू नये, यासाठीच तो फोन ठेवत नाही. म्हणून फोन बंद करून मगच पडदा बघायचा. एवढ्याने निम्मे डाव उधळतात.

यूपीआयची घोषणा ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी केली, आणि तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकायचा तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. पूर्वी या टोळ्यांचं आवडतं हत्यार 'कलेक्ट रिक्वेस्ट' हे होतं. समोरचा तुमच्याकडे पैशांची मागणी पाठवायचा, तुम्हाला वाटायचं पैसे आले, आणि मान्य करून पिन टाकला की गेले. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागणीवर आधी २,००० रुपयांची मर्यादा होती. १ ऑक्टोबर २०२५पासून राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ती सोयच बंद केली. त्याआधी ३० जून २०२५पासून समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणंही अॅप्सना बंधनकारक झालं. आता कोड स्कॅन केल्यावर 'सुभेदार' साहेबांच्या जागी भलतंच नाव दिसलं तर तिथेच थांबता येतं. पण त्यासाठी ते नाव वाचावं लागतं.

'शिकलेली माणसं असून फसतात कशी?' हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या, आयआयटीत शिकलेल्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. आधी खात्यात किरकोळ रक्कम आली. मग कोड आला, तो स्कॅन केल्यावर २० हजार गेले. 'चुकीचा कोड गेला, हा दुसरा घ्या' म्हणून आणखी एक आला आणि त्याने १४ हजार नेले. हा दुसरा कोड मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वेळी माणूस गाफील असतो. दुसऱ्या वेळी घाबरलेला असतो, गेलेले पैसे परत आणायचे असतात, आणि ते आणून देणारा एकच माणूस फोनवर हजर असतो. मुळात वस्तू घेणारा, पैसे आधी का द्यावेत म्हणून दहादा विचार करतो. विकणारा मात्र स्वतःला सुरक्षित समजतो. माल माझ्याकडे, पैसे त्याच्याकडे, म्हणजे धोका त्याला. पैसे बुडतील ही भीती असते, खिशातले जातील ही नसते. डाव त्या बेसावध बाजूने येतो.

असे अनेक फोन ज्या भागातून येतात तो मेवात नावाने ओळखला जातो: राजस्थानातलं भरतपूर, डीग, अलवर, हरियाणातलं नूह आणि उत्तर प्रदेशातलं मथुरा यांच्या सीमा जिथे मिळतात तो पट्टा. इंटरनेट यायच्या आधीपासून तिथे 'टटलूबाजी' चालायची. खोदकामात सोन्याची वीट सापडली, स्वस्तात देतो, असं सांगून पितळेची वीट गळ्यात मारायची. नमुना म्हणून दाखवलेला तुकडा मात्र अस्सल सोन्याचा. आधी येणारे दहा रुपये हे त्याच तुकड्याचं नवं रूप. तीन राज्यांच्या सीमा चालत जाण्याइतक्या जवळ असल्यामुळे पोलीस आले की पलीकडे सटकणं सोपं. एप्रिल २०२३मध्ये नूहमध्ये सुमारे ५,००० पोलिसांनी एकाच वेळी १४ गावांवर छापे घातले होते. अर्थात सगळा मेवात ठग नाही, आणि सगळे ठग मेवातात नाहीत. झारखंडातलं जामतारा तर वेबमालिकेमुळे घरोघरी पोचलं.

काही खोटी गिऱ्हाइकं प्रत्यक्षही येतात. वस्तू टेम्पोत चढवतात आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतात, नाहीतर हुबेहूब पेमेंट अॅपसारख्या दिसणाऱ्या नकली अॅपवरची हिरवी खूण. किंवा बँकेसारखा एसएमएस येतो, पण दहा आकडी मोबाइल नंबरावरून. खऱ्या बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो. त्याच एसएमएसचा पुढचा अंक म्हणजे 'चुकून पंधराऐवजी पन्नास हजार गेले, पस्तीस परत पाठवा ना'. मुळात काहीच आलेलं नसतं. आपल्या अॅपमध्ये आपली शिल्लक बघावी, त्याच्या फोनकडे बघूच नये.

गाडीची गोष्ट वेगळी. 'एक चक्कर मारून बघतो' म्हणून दुचाकी घेऊन गेलेला परत येत नाही, हा प्रकार पुण्या-मुंबईत जुना आहे. किल्ली देताना त्याची स्वतःची गाडी, मूळ लायसन्स किंवा सोबतचा माणूस मागे राहील असं बघावं, नाहीतर मागे बसून जावं. पण पैसे देऊन गाडी रीतसर नेणाराही अडचणीत आणू शकतो. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललं नाही, तर कागदोपत्री मालक तुम्हीच. फेब्रुवारी २०१८मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी विकून पुढे कितीही हातांत गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईला नोंदणीतला मालक जबाबदार. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून 'बाकीचं एजंट बघेल' म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवलेला बरा.

परदेशातल्या मराठी मंडळींना फौजी भेटत नाही, पण त्याचे भाऊबंद भेटतात. अमेरिकेत फर्निचर विकायला काढलं की ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा बँकेचा चेक येतो. वरचे पैसे 'मूव्हर'ला द्या म्हणतात. तिथल्या नियमांमुळे बँक एक-दोन दिवसांत रक्कम वापरायला देते आणि चेक बनावट असल्याचं कधीकधी काही आठवड्यांनी कळतं. तोवर मूव्हर गायब. झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेच्या नावाने येणारा ईमेल सांगतो की तुमचं खातं बिझनेसचं करायला गिऱ्हाइकाने ३०० डॉलर जास्त भरलेत, तेवढे परत करा. आणि 'तुम्ही खरे आहात ना, मग आलेला कोड सांगा' म्हणणारा तुमच्या नंबरावर स्वतःचं गुगल व्हॉइस खातं उघडत असतो.

पैसे गेलेच, तर घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर करावा, आधी १९३० हा नंबर लावावा. केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेची ही हेल्पलाइन आहे; राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय पत्ता आणि फोन नंबर हाताशी असू द्यावा. घाई यासाठी की पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकत जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. त्याआधी कुठल्याशा टप्प्यावर रक्कम गोठवली गेली तरच आशा. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण संतापाच्या भरात पुसू नये. बँकेला लगेच लेखी कळवावं, पण तिथे एक मेख आहे. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ६ जुलै २०१७चं आहे. या प्रकारात मात्र पिन तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे बँक तो व्यवहार अनधिकृत मानायला सहसा तयार होत नाही. गुन्हा नोंदवला जातो तो फसवणुकीचा. जुनं ४२० कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. (एखाद्याला 'तीनशे अठरा' म्हणायला लोक कधी लागतील कोण जाणे.)

आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत इंटरनेटवर बँकेचा 'कस्टमर केअर' नंबर शोधू नये. तिथेही यांचीच माणसं बसलेली असतात. 'रिफंड प्रोसेस करतो, हे अॅप टाका' म्हणत ते एनीडेस्कसारखं पडदा दाखवणारं अॅप उतरवायला लावतात. नंबर घ्यायचा तो डेबिट कार्डाच्या मागचा. काही दिवसांनी 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, फक्त फाइल चार्ज भरा' असाही फोन येऊ शकतो. पोलीस पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत. त्या फोनवर वाद घालत बसू नये; तो नंबरही आधीच्याच तक्रारीत जोडून द्यावा.