एकाला विसावा, दुसऱ्याला वैताग : संगीत नेमके कोणाचे मन शांत करते?

अल मजाज (शारजा) : खालिद लगूनच्या काठावर सायंकाळी कारंजे सुरू झाले की संगीताच्या तालावर पाण्याचे झोत उसळू लागतात आणि फिरायला आलेली कुटुंबे कठड्याशी थांबतात. कोणाचा दिवसभराचा शीण तेथे क्षणात उतरतो. कोणी मात्र तान्ह्या बाळाला घेऊन आवाजापासून दूर जाऊन बसतो. मागच्या उंच इमारतींतही हाच भेद दिसतो. दुबईहून अल इत्तिहाद रस्त्यावरील वाहतूक कोंडी पार करून घरी आलेले गृहस्थ पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावतात आणि डोळे मिटून घेतात. त्याच घरात येथेच वाढलेल्या मुलीला ते स्वर ‘आजोबांचे गाणे’ वाटतात आणि ती कानाला हेडफोन लावते. भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्याला तर दोन्ही नकोसे असते.

संगीत मनाला शांत करते, हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. ते वाक्य खरे आहे का? आणि खरे असेल, तर एकाच सुराने एकाला विसावा आणि दुसऱ्याला वैताग का यावा?

रुग्णालयातील पुरावा

या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर संगीतसभेतून नव्हे, तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतीक्षाकक्षातून मिळते. तेथील भीती खरी असते आणि ती मोजताही येते. वैद्यकीय संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये अशा २६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २,०५१ रुग्ण सहभागी होते. चिंता मोजण्याच्या २० ते ८० गुणांच्या मापनपट्टीवर, नेहमीचीच शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा संगीत ऐकणाऱ्यांची चिंता सरासरी ५.७ गुणांनी अधिक उतरली. हृदयाच्या ठोक्यांवर थोडा परिणाम दिसला. मात्र वरचा रक्तदाब किंवा श्वसनाचा वेग कमी होतो, असे म्हणण्याजोगा आधार मिळाला नाही.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ७३ चाचण्या आणि सुमारे ७,००० रुग्ण होते. संगीत ऐकलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामक औषधेही कमी लागली. रुग्णालयातील मुक्काम मात्र कमी झाला नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगाने आणखी एक धागा हाती दिला. भूल देण्यासाठी मज्जातंतूजवळ सुई टोचण्यापूर्वी १५७ प्रौढ रुग्णांपैकी काहींना मिडाझोलाम हे चिंताशामक औषध, तर काहींना हेडफोनवर शांत संगीत देण्यात आले. चिंता दोन्ही गटांत जवळपास सारखीच उतरली. तरीही समाधान विचारले असता संगीताच्या गटातील रुग्ण कमी समाधानी निघाले. त्यांना ऐकवलेले संगीत आधीच ठरलेले होते. ते निवडण्याची मुभा त्यांना नव्हती, आणि कानावरील हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणेही अवघड झाले होते.

तात्पर्य, संगीत खरोखर शांत करते; परंतु त्याचा परिणाम माफक असतो आणि तो केवळ सुरांवर अवलंबून नसतो.

शरीराला कळणारा भाग

संगीताचा एक अंश असा असतो की तो समजून घ्यावा लागत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये १४४ अमेरिकन बालकांना त्यांनी कधीही न ऐकलेल्या भाषांतील गाणी ऐकवली. त्यांतील अंगाईगीते ऐकताना बालकांच्या हृदयाची गती इतर गाण्यांपेक्षा अधिक मंदावली. भाषा परकी, आवाज परका, तरी अंगाईची संथ, पुन्हा पुन्हा येणारी चाल बालकाच्या शरीराने ओळखली.

ही किमया मुख्यतः लयीची आहे. इटलीतील पाविया येथील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बारा वादक आणि संगीताचे शिक्षण नसलेल्या बारा जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. लय द्रुत झाली की श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढत. संथ लयीत ते खाली येत. संगीत आवडीचे आहे की नाही, याने त्यात फारसा फरक पडला नाही. परंतु सर्वांत लक्षणीय निरीक्षण वेगळेच होते. मध्येच संगीत थांबवून दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा शरीर सर्वाधिक सैलावले. अगदी प्रयोगापूर्वीच्या विश्रांतीपेक्षाही अधिक. मैफलीत भैरवी संपल्यावर टाळ्यांपूर्वी जो निःशब्द क्षण येतो, त्याची गोडी रसिकांना ठाऊक आहेच.

शांती परक्या कानाला उमगत नाही

केवळ लयीने सर्व उलगडले असते, तर वडिलांचा अभंग मुलीलाही तितकाच विसावा देता. येथे ओळखीचा प्रश्न येतो. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्प्सन या संशोधकांनी १९९९ मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवून त्यांतील भाव ओळखायला सांगितले. आनंद, दुःख आणि क्रोध हे तीन भाव श्रोत्यांनी बऱ्यापैकी ओळखले. शांतीचा भाव मात्र तसा ओळखता आला नाही. आनंदाला वेग असतो, क्रोधाला जोर असतो, दुःखाला मंदपणा असतो. शांतीला असे ढळढळीत लक्षण नसते. ती उमगण्यासाठी त्या संगीताशी सहवास लागतो.

हा सहवास म्हणजे काय, हे विलंबित ख्यालाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. गायक आलापीत दूरवर फिरून येतो आणि नेमका समेवर उतरतो. ठेका ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याच्या मनात सम येण्याआधीच तिची वाट पाहणे सुरू होते. ती आली की मान आपोआप हलते. अपेक्षा निर्माण होणे, ती लांबणे आणि अखेर पुरी होणे यातच तो सुटकेचा आनंद असतो. लिओनार्ड मेयर यांनी १९५६ मध्ये संगीतातील भावनेचा उलगडा याच अपेक्षेच्या आधारे केला होता. ज्या कानाला समेची चाहूल नाही, त्याला मात्र त्या आवर्तनात नुसता लांबलेला वेळ जाणवतो. म्हणून शास्त्रीय संगीत ऐकून कंटाळणारी मुलगी अरसिक ठरत नाही. तिची ओळख वेगळ्या संगीताशी झालेली असते, इतकेच.

ओळखीला आठवणीचीही जोड असते. ज्यांचे बालपण आकाशवाणीवरील पहाटेच्या भक्तिगीतांत गेले, त्यांना त्या स्वरांसोबत स्वयंपाकघरातील स्टोव्हचा आवाज आणि आईची लगबगही ऐकू येते. परदेशी राहणाऱ्याला अशा वेळी विसावा मिळेल की हुरहूर लागेल, हे सांगता येत नाही. पुष्कळदा दोन्ही एकत्रच येतात. तारुफी आणि कोल्श यांनी २०१४ मध्ये ७७२ जणांना करुण संगीताविषयी विचारले. असे संगीत ऐकताना सर्वाधिक जाणवणारी भावना दुःखाची नव्हे, तर गतकाळाच्या ओढीची होती. डोळे पाणावूनही मन हलके का होते, याचे उत्तर त्यात काही अंशी मिळते. मात्र नुकतेच कोणाला गमावलेल्या माणसाला तेच गाणे असह्यही होऊ शकते.

आवाज कोणाच्या हाती?

तिसरे कारण सर्वांत साधे, पण घराघरांत दुर्लक्षिले जाणारे आहे. आवाज बंद करण्याचे बटण कोणाच्या हाती आहे? डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना त्रासदायक गोंगाट ऐकवला. त्यांतील काहींना सांगितले होते, की हवे तर बटण दाबून तो बंद करता येईल. बहुतेकांनी बटण दाबलेच नाही. तरीही ज्यांना ती मुभा नव्हती त्यांच्यापेक्षा नंतरच्या कामात ते अधिक चिकाटीने टिकले. गोंगाट तोच होता, अधिकाराची जाणीव वेगळी होती.

पुण्यातील गणेशोत्सवात याचे रोखठोक दर्शन घडते. ढोल-ताशा पथकात तासन् तास वाजवणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. त्याच रस्त्यावरच्या घरातील वृद्ध रुग्णाच्या छातीत धडधड होते. वाजवणाऱ्याने तो नाद स्वतः निवडलेला असतो, रुग्णावर तो येऊन आदळलेला असतो. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, तीही या दुसऱ्या माणसाच्या बाजूने.

ढोलाचे उदाहरण आणखी एक गोष्ट सांगते. मन हलके होण्यासाठी संगीत संथच हवे असे नाही, आणि केवळ ऐकणेही पुरेसे नसते. महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या विश्रांतीच्या वेळी नव्हे तर कष्टाच्या वेळी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. माहेर, सासर, उपेक्षा, देव, भाऊ. जे कोणापुढे बोलता येत नसे ते ओवीत बोलता येई. येथे विसावा चालीइतकाच मोकळे होण्यात होता.

ज्यांना काहीच होत नाही

काही माणसांना संगीताने ना विसावा मिळतो, ना वैताग येतो. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांची श्रवणशक्ती ठीक होती, गाण्यातील भाव त्यांना कळत होता, पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांना इतरांइतकाच आनंद होत होता. संगीतातून मात्र आनंद मिळत नव्हता. लोकसंख्येत असे सुमारे तीन ते पाच टक्के लोक असावेत, असा अंदाज आहे. ‘तुला गाणे आवडत नाही म्हणजे तू रुक्ष’ हा शेरा त्यांच्या बाबतीत अन्यायाचा ठरतो.

अल मजाजच्या कारंज्यापाशी बसणाऱ्यांना २०१३ मधील एक प्रयोग विशेष रंजक वाटेल. साठ निरोगी स्त्रियांना तणावाच्या प्रसंगाला सामोरे जावे लागणार होते. त्याआधी काहींनी शांत संगीत ऐकले, काहींनी खळाळत्या पाण्याचा आवाज, तर काहींनी नुसती विश्रांती घेतली. तणावाशी निगडित कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाण पाण्याचा आवाज ऐकलेल्यांत सर्वांत कमी आणि संगीत ऐकलेल्यांत सर्वांत जास्त निघाले. प्रसंग ओसरल्यावर मात्र संगीताच्या गटातील शरीराची उत्तेजना, नुसती विश्रांती घेतलेल्यांपेक्षा लवकर मूळपदावर आली. लगूनकाठी मन निवते ते सुरांनी की पाण्याने, याचे उत्तर त्यामुळे प्रत्येकाचे निराळे असू शकते.

घरी काय करावे?

अमुक राग अमुक रोग बरा करतो, अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात. तसे सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही. रक्तदाबाची गोळी किंवा नैराश्यावरील उपचार यांची जागा संगीत घेऊ शकत नाही. ते उपचारांना साथ देऊ शकते.

ही साथ चांगली व्हावी म्हणून संगीतोपचारात १९४० च्या दशकापासून एक तत्त्व सांगितले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी ते मांडले. माणसाच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत आधी लावावे आणि मग ते हळूहळू संथ करावे. संतापलेल्या माणसासमोर एकदम ध्यानाची धून लावली, तर तो अधिकच चिडतो. त्याला समजून न घेता गप्प बसवले जात आहे, असे त्याला वाटते.

गावाहून चार महिन्यांसाठी येथे आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे. परक्या शहरात, विसाव्या मजल्यावर दिवसभर घरात असलेल्या सासूबाईंसाठी दूरचित्रवाणीवर भजने लावून कामाला निघून जाणे म्हणजे त्यांची सोय झाली, असे समजणे सोपे असते. त्यांना कदाचित नाट्यगीत हवे असेल, जुनी लावणी हवी असेल किंवा काहीच नको असेल. तेव्हा त्यांना आधी विचारावे, रिमोट त्यांच्या हाती द्यावा, तो कसा चालवायचा हे दाखवावे. आणि त्यांनी तो बंद ठेवला, तर त्या शांततेलाही त्यांची निवड मानावे.