शाळा सरकारची की गावाची?

श्रोतेहो, शाळेवरची कौले फुटली की पारावर बसलेली मंडळी म्हणतात, "सरकारची शाळा आहे, सरकार बघेल." आणि चांगल्या गुरुजींची बदली झाली की तीच मंडळी विचारतात, "आमच्या गावचे गुरुजी आम्हांला न विचारता नेले कसे?" म्हणजे कौले फुटली तर शाळा सरकारची, आणि गुरुजी निघाले तर गावाची! ऐकून हसू येते खरे. पण यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. शाळेचा कारभार वरून चालावा की गावातून? त्याचाच आज थोडा विचार करू.

हा प्रश्न निदान 1882 सालापासूनचा आहे. त्या साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले. प्राथमिक शाळा सरकारी खात्याने पाहाव्यात, की नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या हवाली कराव्यात, हा त्याच्यापुढचा एक मोठा विषय होता. कमिशनचा कल स्थानिक मंडळांकडे होता. त्याच कमिशनपुढे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते, तेव्हा तो पैसा त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. शाळांच्या बाबतीत त्यांनी सांगितले ते असे, की मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी शाळांचा खर्च उचलावा, परंतु कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये. शिक्षणखात्याची देखरेख राहिलीच पाहिजे.

आता बघा, परक्या सरकारच्या देखरेखीची मागणी जोतीरावांसारखा माणूस का करतो? याचे उत्तर त्यांच्याच आयुष्यात सापडते. 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोध करायला कोणी विलायतेहून आले नव्हते. विरोध केला तो शहरातल्याच लोकांनी. 'स्थानिक कारभार' हा शब्द कानाला गोड लागतो. पण त्या स्थानी ज्याचे वजन, त्याचाच तो कारभार होऊन बसतो, हे त्यांनी ओळखले होते.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा कायदा केला. पुढे 1919 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यावे, असा हुकूम काढला. हा निर्णय गावोगावच्या पंचांवर सोपविला असता, तर किती गावांनी आपण होऊन तसे केले असते? ज्याचा त्याने मनाशी विचार करावा. शेजाऱ्याने अडविलेल्या मुलाला आत घ्यायचे, तर हुकूम वरूनच यावा लागतो.

पण म्हणून सारेच वरून व्हावे काय? तसेही नाही. मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या ताब्यात आल्या. पंधरा वर्षे हा प्रयोग झाला. शिक्षकांच्या नेमणुकांत आणि बदल्यांत स्थानिक राजकारण शिरले, अशा तक्रारी वाढल्या. तेव्हा 1938 मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि प्रशासन अधिकाऱ्याची नेमणूक व शाळांची तपासणी ही कामे सरकारने आपल्या हाती घेतली. हे पाऊल बाळासाहेब खेरांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाने उचलले, हे विशेष.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा तीन तऱ्हा एकत्र आल्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा स्कूल बोर्डे, विदर्भात जनपद सभा, तर मराठवाड्यात निजामी राजवटीपासून शाळा थेट सरकारच्या हाताखाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मात्र 1967 मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती स्थापन झाली, आणि पुस्तक साऱ्या राज्याचे एकच राहिले. शाळा जिल्ह्याची, पुस्तक राज्याचे. ही वाटणी बरीच शहाणपणाची होती.

वाटणी चुकली म्हणजे काय होते, ते अलीकडेच आपण पाहिले. पूर्वी गणवेशाचा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे येई. समिती कापड घेई आणि जवळच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. 2024 च्या जूनमध्ये सुरू झालेल्या वर्षासाठी 'एक राज्य, एक गणवेश' अशी योजना आली. कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली, आणि नियमित गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. हेतू वाईट नव्हता. सर्वांना सारखे कापड मिळावे, बायाबापड्यांना काम मिळावे. पण स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. आणि आले त्यांतलेही कुणाला आखूड, तर कुणाला ढगळ! अखेर डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरविला, आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समितीकडे दिले. दोष ना कापडाचा, ना शिवणाऱ्या बायांचा. पोराच्या अंगाचे माप दूरवर बसून घेता येत नाही, एवढीच ती गोष्ट.

अशीच गोष्ट लहान शाळांची. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. पट किती, हे कागदावर दिसते. पण वस्ती आणि शाळा यांच्या मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस भरून वाहतो, आणि तेवढे दिवस सात वर्षांची पोर शाळेला कशी जाणार, हे कागदावर कुठले दिसायला? ते गावालाच ठाऊक. उलट, लहान मुलांची शाळा घराजवळ असावी, हा हक्क गावाने दिलेला नाही. तो कायद्याने दिला आहे. हक्क वरचा, आणि ओढ्याची माहिती गावची. दोन्ही एकत्र आली तरच पोर शाळेत पोहोचते.

मग मंडळी, ढोबळ नियम असा सांगता येईल. जिथे मुलाला कोणाच्या अडवणुकीपासून राखायचे आहे, तिथे अधिकार वर असावा: प्रवेशाचा हक्क, पैशाची हमी, शिक्षकाची पात्रता. 2017 पासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी राज्यभर एकच अभियोग्यता चाचणी सुरू झाली, ती याच न्यायाने. नेमणूक ओळखीवर नव्हे, गुणांवर व्हावी. आणि जिथे मुलाला ओळखावे लागते, तिथे अधिकार खाली असावा: गणवेश, आहार, दुरुस्ती, सुगीच्या दिवसांत रोडावणारी हजेरी, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या पोरांची सोय.

खालच्या या अधिकारासाठी शिक्षण हक्क कायद्याने 2010 पासून दार उघडून ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या पैशाच्या खर्चावर नजर ठेवणे ही समितीची कामे आहेत. आता खरे सांगा, आपल्या गावात समितीची सभा भरते, की मुख्याध्यापकांनी लिहून ठेवलेल्या इतिवृत्तावर घरोघर सह्या फिरतात? सह्याच फिरत असतील, तर गावाचा अधिकार सरकारने काढून घेतलेला नाही. गावानेच तो खुंटीला टांगून ठेवला आहे.

गुरुजींनाही एक विनंती. सभा शेतातली कामे आटोपल्यावर, दिवेलागणीनंतर ठेवा. जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. जी आई कोपऱ्यात गप्प बसली आहे, तिला आधी विचारा. कदाचित तिचीच पोर ओढ्यापलीकडून येत असेल. जोतीरावांना जी भीती वाटली, की गावचा कारभार चारदोन वजनदारांचाच होईल, ती खोटी ठरविण्याचे काम कुठल्याही सरकारी हुकुमाने होणार नाही. ते त्या सभेतच व्हायचे आहे.

आणि मंडळी, सभेला बसाल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय घाला: फुटलेली कौले. पैसा कुठल्या निधीतून मागायचा ते समितीने ठरवावे, आणि पावसाआधी कौले शेकारून घ्यावीत. शाळा कुणाची, हा प्रश्न मग पारावर फारसा निघणार नाही.