नाव तेच, माप तेच. दाब मात्र दुप्पट

वेस्टर्न सिनेमात किंवा काउबॉयच्या व्हिडिओ गेममध्ये नायक कमरेचे रिव्हॉल्व्हर उपसतो, ते बहुतेक वेळा कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ असते. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. त्याच्यासोबत जन्मलेले काडतूस म्हणजे .४५ कोल्ट. दीडशे वर्षे उलटली, तरी ते आजही बनते. अमेरिकेतले अनेक हौशी नेमबाज तर ते घरच्या टेबलावर स्वतः भरतात. या छंदाला तिथे हँडलोडिंग म्हणतात. मला बंदुकांपेक्षा त्यात दडलेला इंजिनिअरिंगचा पेच जास्त आवडला, म्हणून हा लेख.

काडतूस भरतात म्हणजे काय?

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की पुंगळी शिल्लक राहते आणि ती पुन्हा वापरता येते. जळका प्राइमर काढायचा, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्राइमर बसवायचा, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि पुंगळीची कड आत दाबायची.

तोलण्याचे एकक ग्रेन. ते आपल्याला वाटते तितके परके नाही. इंग्रजी अमदानीत ठरलेला सोनाराचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. .४५ कोल्टची मूळ शिशाची गोळी २५५ ग्रेनची, म्हणजे दीड तोळ्याला थोडी कमी.

मूळ काडतुसात काळी दारू असे आणि ती पुंगळी जवळपास भरून टाकी. पुढे बिनधुराची दारू आली. ती इतकी जोरकस, की तेवढ्याच पुंगळीत तळाशी थोडीशी पुरते. बाकी जागा रिकामी राहते. म्हणूनच चुकून दोनदा दारू पडली, तरी ती सहज मावते आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावण्याची शिस्त त्यातूनच आली.

जुने पोलाद, नवे पोलाद

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरे असतात. .४५ ची घरे रुंद, त्यामुळे कोल्टमध्ये त्यांच्या भिंती पातळ. शिवाय सुरुवातीच्या हत्यारांचे पोलाद त्या काळाचे. अमेरिकेत काडतुसांची मानके ठरवणाऱ्या ‘सामी’ या संस्थेने .४५ कोल्टसाठी दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड ठेवली आहे. मोटारीच्या टायरमध्ये हाच दाब तीसेक पौंड असतो. तरीही बंदुकीच्या जगात १४,००० म्हणजे मवाळच; .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,००० आहे.

ही मर्यादा लोकांना खुपत आली. १९२० च्या दशकात एल्मर कीथ या गुराखी-लेखकाने .४५ जोरात भरले आणि कोल्ट फुटले. मग तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण घरे थोडी अरुंद, म्हणजे भिंती जाड. त्याच्या खटपटीतूनच १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आले.

पुढे रूगर कंपनीचे ‘ब्लॅकहॉक’ १९७० च्या दशकात .४५ कोल्टमध्ये मिळू लागले. त्याचा सिलिंडर मोठा, पोलाद आधुनिक. आजच्या पुंगळ्यांचे बूडही जुन्यांपेक्षा भरीव. त्यामुळे काडतूस भरण्याच्या पुस्तकांत ‘फक्त रूगरसाठी’ असा वेगळा विभाग आला. त्यातले दाब ३०,००० च्या आसपास जातात. जड गोळ्या वापरणाऱ्या शिकाऱ्यांना जुन्या काडतुसात जणू नवे काडतूस मिळाले.

खरा पेच इथे आहे

आपल्या घरात १५ अँपिअरचा प्लग ५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जातच नाही; पिना जाड असतात. गीझरचा प्लग घाईत भलतीकडे खुपसायचा म्हटले तरी जमत नाही. काडतुसे बनवणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. १९३५ चे .३५७ मॅग्नम हे .३८ स्पेशलपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवले, .४४ मॅग्नम .४४ स्पेशलपेक्षा, आणि .४५४ कॅसुल .४५ कोल्टपेक्षा. जोरकस काडतूस जुन्या हत्यारात पूर्ण बसत नाही, आणि सिलिंडर फिरत नाही.

‘फक्त रूगरसाठी’ भरलेल्या .४५ कोल्टला मात्र असा कोणताच अडसर नाही. लांबी तीच, पुंगळीवरचा ठसा तोच. ते १८८० च्या कोल्टमध्येही अलगद बसते. आमच्या भाषेत सांगायचे, तर फंक्शनचे नाव न बदलता आतला अर्थ बदलला आणि व्हर्जन नंबर वाढवायचा राहून गेला. पुढचे सगळे चिठ्ठीवर अवलंबून.

आणि चिठ्ठीही पुरत नाही. २००५ मध्ये रूगरनेच ‘न्यू व्हकेरो’ आणले. त्याची चौकट जुन्या व्हकेरोपेक्षा लहान असल्याने ते जोरकस काडतूस त्याच्यासाठी नाही. म्हणजे ‘फक्त रूगरसाठी’ हे शब्दही आता अर्धेच खरे आहेत.

जाणती मंडळी म्हणून खोक्यावर हत्याराचे पूर्ण नाव, गोळीचे वजन, दारूचा प्रकार, माप आणि तारीख लिहितात. जोरकस काडतुसांसाठी वेगळ्या आकाराची गोळी वापरतात, म्हणजे हातात घेताच फरक कळावा. दुसऱ्याने भरलेले काडतूस ते उडवत नाहीत. भरणारा माणूस गेला आणि मागे बिनचिठ्ठीचे खोके उरले, तर ती काडतुसे सुटी करून टाकतात. कारण ती कोणत्या हत्यारासाठी होती, हे सांगणारा आता कोणी नसतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा छंद वाचण्यापुरताच. पण नाव आणि आकार तेवढेच ठेवून आतली ताकद वाढवलेल्या वस्तू आपल्याही हाताखालून जातात. त्यांच्यावर चिठ्ठी लावताना ती वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नसेल आणि विचारायला आपण जवळ नसू, हे धरूनच लिहावी.